खरेदीदस्तावर ज्यांची सही नसते

कोल्हापूर शहराच्या कडेची शेती झपाट्याने प्लॉटमध्ये जात आहे, हे आता कोणाला नव्याने सांगण्याची गरज राहिलेली नाही. फुलेवाडीतून बालिंग्याच्या रस्त्याला लागा, शिवाजी पूल ओलांडून वडणग्याकडे जा, नाही तर उचगाव-सरनोबतवाडीच्या बाजूला जा. ज्या रानात पूर्वी ऊस उभा असायचा तिथे मुरमाचे रस्ते, विजेचे नवे खांब आणि पांढऱ्या फक्कीने आखलेले प्लॉट दिसतात. या विषयावर बोलणे निघाले की विकणारा शेतकरी आणि घेणारा बिल्डर अशी दोनच माणसे आपल्या डोळ्यांपुढे येतात. एकाला पैसे मिळाले, दुसऱ्याला जमीन मिळाली, दोघेही राजीखुशीने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन आले, मग तक्रार कसली, असा एकूण सूर असतो. माझी तक्रार आहे, आणि ती त्या दोघांपैकी कोणाच्याही विरुद्ध नाही. बागायती रान हे एकट्या मालकाचे पोट कधीच नसते. त्यावर वाट्याने रान कसणारा वाटेकरी जगतो, भांगलणीला म्हणजे खुरपणीला जाणाऱ्या बायका जगतात, बांधावरच्या गवतावर दुसऱ्याच कोणाची म्हैस जगते आणि शेजारच्या रानाचे पाणीही त्याच रानातून पुढे जाते. जमीन विकली जाते तेव्हा यांपैकी कोणाचीही सही लागत नाही आणि कोणाच्या हातावर एक रुपयाही पडत नाही.

मी करवीर तालुक्यात, शहराच्या पश्चिमेकडील एका गावात सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा सचिव म्हणून काम करतो. सभासदांची पाणीपट्टी वसूल करणे, वीजबिल भरणे, पाटकऱ्याचा पगार काढणे आणि वार्षिक सभेचे इतिवृत्त लिहिणे हे माझे काम. त्यामुळे एखाद्या रानाचा दस्त झाल्यावर मागे राहिलेल्यांचे काय होते, हे मला लोकांच्या बोलण्यातून कळायच्या आधी कीर्दीत, म्हणजे संस्थेच्या जमाखर्चाच्या वहीत, दिसते.

बाहेरच्या वाचकासाठी ही व्यवस्था थोडक्यात सांगतो. नदीकाठच्या जॅकवेलमधून (नदीचे पाणी घेणाऱ्या विहिरीतून) मोटारींनी पाणी उचलायचे, मोठ्या नळाने ते चढावरच्या हौदात आणायचे, आणि तिथून जमिनीखालच्या वाहिन्यांनी शिवारभर पोहोचवायचे. ठिकठिकाणी चेंबर असतात. पाटकरी पाळीप्रमाणे चेंबरची चावी फिरवतो आणि ज्याची पाळी त्याच्या सरीत पाणी जाते. या पाण्यामागे मोठी परंपरा आहे. छत्रपती शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, ते स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. नदीत पावसाळा संपताच बरगे घालून पाणी अडवणारे बंधारे बांधले गेले आणि ती पद्धत पुढे देशभर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणून ओळखली गेली. धरण आणि बंधाऱ्यांनी नदी बारमाही झाली, त्यानंतर आमच्यासारख्या संस्था निघाल्या आणि सभासदांनी भाग भांडवल घालून, कर्ज काढून, प्रसंगी स्वतः चर खणून नळ पुरले. पश्चिमेकडच्या काळ्या जमिनीची आजची किंमत ही अशी तीन-चार पिढ्यांच्या पैशाची आणि घामाची आहे. प्लॉटच्या भावात ती कोठेही धरलेली नसते, कारण घर बांधणाऱ्याला त्या पाण्याचा काही उपयोग नसतो.

आता हिशेब पाहा. समजा एखादी संस्था २०० एकरांसाठी उभी राहिली आणि त्यांपैकी ६० एकर प्लॉटिंगमध्ये गेले. पाणी कमी उचलले म्हणून विजेचा वापर काही प्रमाणात कमी होईल, परंतु विजेचा स्थिर आकार, पाटकऱ्याचा पगार, मोटारीची दुरुस्ती, जॅकवेलचा गाळ काढण्याचा खर्च आणि कर्जाचा हप्ता यांत काहीच घट होत नाही. तो सगळा खर्च आता १४० एकरांवर बसतो, म्हणजे त्या बाबींपुरता एकरी बोजा सुमारे ४३ टक्क्यांनी वाढतो. शिवाय विकलेले ६० एकर एका बाजूला सलग नसतात. रस्त्याकडेचे रान आधी जाते, मग मधले एखादे जाते, आणि शेवटच्या टोकाला कोणाचे तरी दहा-पंधरा गुंठे राहतात, ज्यांच्यासाठी संपूर्ण वाहिनी भरून घ्यावी लागते. पाणीपट्टी वाढवली की ज्याचे जेमतेम चालले होते तो म्हणतो की आता परवडत नाही, आणि पुढच्या हंगामात त्याच्या बांधावर टेप घेऊन माणसे उभी राहतात. पहिली विक्री कदाचित लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी झालेली असते. त्यानंतरच्या बऱ्याच विक्री या आधीच्या विक्रीमुळे झालेल्या असतात, आणि त्यांनाही आपण राजीखुशीच्याच म्हणतो.

नळांचे तर आणखी वेगळे आहे. बहुतेक जुन्या संस्थांनी वाहिनी टाकताना तोंडी संमतीवर काम केले. कोणाच्या कोणत्या गटातून नळ जातो याची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत करून घेतली नाही, कारण जमीन विकली जाईल आणि तिथे कोणी पाया खणेल, हे त्या पिढीच्या स्वप्नातही नव्हते. जेसीबीने प्लॉटचे सपाटीकरण करताना नळ फुटतो. फुटल्याचे आम्हाला कळते ते खालच्या सभासदाच्या रानात पाणी पोहोचत नाही तेव्हा. चौकशीला गेल्यावर तिथे चालकाखेरीज कोणी नसते आणि त्याच्याकडे फक्त एक मोबाईल क्रमांक असतो. आमच्या एका वाहिनीवरच्या चेंबरवर आज एका बंगल्याच्या कुंपणाची भिंत उभी आहे. घरमालक सज्जन आहेत, त्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून तो प्लॉट घेतला आहे, आणि प्लॉट दाखवताना त्यांना या चेंबरविषयी कोणी एक शब्द सांगितला नव्हता. त्या चेंबरच्या खालच्या अंगाला असलेल्या चार शेतकऱ्यांनी त्यानंतर उसाची लावण केली नाही.

विकणाऱ्याला मी दोष देत नाही. वाटण्या होता होता रान वीस-पंचवीस गुंठ्यांवर आले आहे, उसाचे पीक वर्ष-दीड वर्ष रानात उभे राहते, खत-मजुरीचे दर कारखान्याच्या बिलाची वाट पाहत थांबत नाहीत, आणि शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला कोणी तयार नाही. ही शेवटची गोष्ट पेपरात आली की लोक हसतात, घरात मात्र ती आईवडिलांना पोखरत असते. एका ज्येष्ठ सभासदांना मी विक्रीचे कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "सचिव, पोरगं रानात उतराय तयार न्हाई. मग ते राखू कुणासाठी, सांगा की." माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या वडिलांना हे रान कुळकायद्याने मिळाले होते. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा कूळ मालक मानला गेला आणि अशा जमिनीच्या विक्रीवर पुढे अनेक वर्षे नियंत्रण राहिले. परवानगीशिवाय ती विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने ठरावीक मुदत उलटून गेलेल्या अशा जमिनींसाठी आकाराच्या ४० पट रक्कम सरकारजमा करून विक्री करण्याची वाट मोकळी झाली. शेतसाऱ्याचा आकार रुपयांत मोजण्याइतका लहान असतो, त्यामुळे ही रक्कम किरकोळच ठरते. कसणाऱ्याच्या हातात जमीन राहावी म्हणून घातलेली कडी इतक्या सहज निघाली, याचे मला वाईट वाटते. अडचणीतल्या माणसाला त्यामुळे मोकळीक मिळाली, हेही खरे आहे, आणि या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी मान्य कराव्या लागतात.

विकलेल्या पैशातून काही जण शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी या तालुक्यांत स्वस्तात जमीन घेतात. ज्यांनी तसे केले ते निदान शेतकरी राहिले, मात्र त्यामुळे तिकडचे भाव चढले आणि तिकडच्या स्थानिक तरुणाला जमीन घेणे अशक्य झाले. ज्यांनी सगळेच विकले आणि बंगला, गाडी, मुलाचा व्यवसाय यांत पैसा घातला, त्यांच्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते. महाराष्ट्रात शेतकरी असल्याखेरीज सहजासहजी शेतजमीन विकत घेता येत नाही. नावावरचे शेवटचे गुंठे गेले की पुन्हा रान घेण्याचा दरवाजाही बंद होतो. म्हणूनच जाणती माणसे कोठेतरी दोन-चार गुंठे नावावर ठेवतात. हा सल्ला वेळेवर देणारा माणूस प्रत्येकाच्या घरात नसतो.

आता ज्यांच्या नावावर मुळातच काही नव्हते त्यांच्याकडे वळतो, कारण हे लिहिण्याचे खरे कारण तीच माणसे आहेत. आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. पन्नाशी उलटलेली, विधवा, दोन म्हशी आणि एक मुलगी. सकाळी धार काढून दूध संस्थेत घालायचे, मग कोणाच्या तरी रानात भांगलणीला जायचे आणि येताना डोक्यावर वैरणीचा भारा आणायचा, असा त्यांचा दिवस असे. मजुरी ठरलेली होती, परंतु भाऱ्याचे पैसे कोणी कधी घेतले नाहीत. बांधावरचे गवत, उसाची तोड सुरू झाली की मिळणारे वाडे (उसाचे हिरवे शेंडे), मक्याचा पाला, हे सगळे भांगलणीला येणाऱ्या बाईचे, असा गावाचा अलिखित रिवाज होता. आमच्या जिल्ह्याच्या दुधाचे कौतुक सर्वत्र होते. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने, म्हणजे गोकुळने, दर दहा दिवसांनी दुधाचे बिल देऊन हजारो घरे उभी केली, आणि संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून पेला तोंडाला लावण्याची कोल्हापूरकरांची सवय तर प्रसिद्धच आहे. या दुधातला एक मोठा वाटा ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नाही अशा बायकांच्या गोठ्यातून येतो आणि त्या गोठ्याची वैरण दुसऱ्याच्या बांधावरून येते, हे आपण विसरतो.

मावशी ज्या रानांत जात होत्या ती एकामागून एक गेली. मजुरीसाठी त्या लांबच्या शिवारात जाऊ लागल्या, पण तिथल्या बांधावर तिथल्या बायकांचा हक्क होता. वैरण विकत घ्यावी लागू लागली, पेंडीचे दर आधीच न परवडणारे होते, आणि दुधाच्या बिलातून कापून घेतलेली पेंड वजा जाता हातात काही उरेना. आधी एक म्हैस विकली, नंतर दुसरी. आता त्या त्याच रानावर झालेल्या कॉलनीत तीन घरची धुणीभांडी करतात. पगार दरमहा मिळतो आणि चिखलात वाकावे लागत नाही, असे त्या स्वतःच सांगतात. तरुण सुनांना तर हेच काम बरे वाटते आणि त्यांचे चूक आहे असे मी म्हणणार नाही. मात्र गोठा होता तेव्हा त्या दूध संस्थेच्या सभासद होत्या, संस्थेच्या निवडणुकीत त्यांच्याकडे मत मागायला माणसे येत, मुलीच्या शिक्षणासाठी दुधाच्या बिलावर उचल मिळत असे. ती पत गेली. रान विकले गेले तेव्हा मालकाला प्रत्येक गुंठ्याचे पैसे मिळाले, मावशींचा गोठा मात्र कोणत्याही मूल्यांकनात आला नाही.

कायद्याला ही माणसे माहीत नाहीत असे मात्र नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. २०१३ चा भूसंपादन कायदा वाचला तर त्यातील प्रकल्पबाधित कुटुंबाच्या व्याख्येत मालकासोबत शेतमजूर, कूळ, वाटेकरी आणि कारागीर यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करणारे आणि त्यावरच उपजीविका असणारे भूमिहीन कुटुंबही त्यात धरले आहे. सिंचनाखालची बहुपीक जमीन शक्यतो घेऊ नये, घ्यावीच लागली तर शेवटचा उपाय म्हणून घ्यावी, असेही त्या कायद्यात म्हटले आहे. रस्ते, रेल्वे, कालवे यांसारख्या रेषीय प्रकल्पांना मात्र त्यातून वगळले आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला आमच्या जिल्ह्यातून एवढा तीव्र विरोध झाला, त्यामागे हीच बागायती जमीन जाण्याची भीती होती. मोर्चे निघाले, गावसभांचे ठराव झाले, सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. महामार्गाला किमान नाव असते, नकाशा असतो, विरोध कोणाकडे नोंदवायचा ते ठाऊक असते. शहर मात्र अर्धा एकर, पाऊण एकर करत खासगी खरेदीने येते, आणि अशा खरेदीत सामाजिक परिणामांचा अहवाल लागत नाही, जनसुनावणी होत नाही आणि वाटेकऱ्याचे किंवा मजुराचे नाव कोणत्याही कागदावर चढत नाही.

उलट परवानग्या सोप्या होत गेल्या. जमीन महसूल संहितेत २०१४ पासून झालेल्या दुरुस्त्यांमुळे आराखड्यात रहिवासी दाखवलेल्या जमिनीसाठी स्वतंत्र अकृषिक परवानगीची गरज राहिली नाही, आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीलाही तशीच सवलत मिळाली. ज्यांनी एकेका सहीसाठी कार्यालयांचे उंबरठे झिजवले आहेत त्यांच्या दृष्टीने ही सुधारणाच आहे. पण शहराला खेटून असलेल्या आमच्यासारख्या गावांत गावठाणाभोवतीची जमीन म्हणजेच सर्वांत जुनी, सर्वांत कसदार, आधी पाणी मिळालेली जमीन असते. तिच्यावरचा निदान थांबून विचार करण्याचा टप्पाच निघून गेला.

कोल्हापूर महानगरपालिका १९७२ साली झाली, आणि तेव्हापासून हद्दवाढीचा वाद सुरूच आहे. आमच्या गावांनी हद्दवाढीला कायम विरोध केला. घरफाळा वाढेल, रानावर आरक्षणे पडतील, शेती संपेल, अशी भीती होती. त्या आंदोलनांत मी होतो आणि ती भीती आजही मला खोटी वाटत नाही. पुढे २०१७ साली मध्यममार्ग म्हणून शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. हद्द वाढली नाही, पण शहर वाढायचे थांबले नाही. कॉलन्या झाल्या आणि त्यांचे सांडपाणी वाहून नेणारी गटारे कोणीच बांधली नाहीत, म्हणून ते पाणी ओढ्यात आणि ओढ्यातून खालच्या रानात येते. शेतीची शेती गेली आणि शहराची सोयही आली नाही. हद्दीच्या आत की बाहेर एवढ्यावरच पन्नास वर्षे भांडताना कोणती जमीन राखायची आणि कोणती घरांना द्यायची, हा प्रश्न आम्ही गावांनी आणि शहरवाल्यांनी, दोघांनीही बाजूला ठेवला. शहराच्या दक्षिणेला आणि पूर्वेला मुरमाड माळ आहे. माळही कोणाच्या तरी भुईमुगाचा आणि शेळ्यामेंढ्यांचा असतो, तो फुकट नाही. तरीसुद्धा घरे कोठे व्हावीत असे मला कोणी विचारले तर मी नदीकाठच्या मळीच्या, म्हणजे गाळाच्या, रानापेक्षा माळाकडेच बोट दाखवीन.

मळीचा विचार पुराच्या दृष्टीनेही करायला हवा. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी नदी त्याच्या कितीतरी वर गेली. पुराचे पाणी पसरायला नदीकाठचे शिवार होते तोवर ते रानात पसरत असे, ऊस काही दिवस पाण्यात उभा राहत असे आणि पाणी उतरल्यावर निदान काही पीक वाचत असे. आता पूररेषेच्या आत भराव टाकून प्लॉट उंच केले जातात. तिथे न मावलेले पाणी शेजारच्या खोलगट रानात जाते आणि भरावामुळे लवकर निघत नाही. उसाच्या पोंग्यात पाणी आणि गाळ शिरून बसला की तो वरून कुजतो आणि मग सरपणालाही धड उपयोगी पडत नाही. भराव टाकणाऱ्याचे घर कोरडे राहिले, तरी त्याच्या वाटचे पाणी कोणाच्या तरी पिकावर उभे असते.

शेजारी कॉलनी आल्यावर शेती करणे किती अवघड होते, यावर वेगळे लिहिता येईल. पाचट पेटवले तर धुराची तक्रार येते (पाचट जाळू नये हे खरे, पण तक्रार गुऱ्हाळाच्या चुलवाणाच्या धुराचीही येते), पाणंदीत (रानाकडे जाणाऱ्या वाटेत) चारचाकी उभी असल्याने उसाची ट्रॉली अडते, आणि कणसे रात्रीतून जातात. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा सर्वांना अभिमान वाटला. त्याच गुळाची गुऱ्हाळे शहराभोवतीच्या गावांतून एकेक करून थंड होत आहेत. गुळव्या (गूळ करणारा) आणि जाळव्या (चुलवाणात जाळ घालणारा) ही पिढीजात कसबाची कामे. काहिलीतल्या रसाला चटका कधी लागला आणि तो वाफ्यात कधी ओतायचा हे नजरेने ओळखणारा माणूस आज वॉचमनची नोकरी करताना मला भेटतो.

मला सर्व विक्री थांबवावी असे म्हणायचे नाही. ते शक्य नाही आणि अडलेल्या माणसावर ते अन्यायाचेही होईल. मागणी मर्यादित आहे आणि तिच्यासाठी नव्या कायद्याचीही फारशी गरज नाही. प्राधिकरणाने आराखडा करताना उपसा सिंचनाखालील क्षेत्र नकाशावर वेगळे दाखवावे. अशा क्षेत्रातील कोणत्याही ले-आउटला मंजुरी देण्यापूर्वी संबंधित पाणीपुरवठा संस्थेचा ना-हरकत दाखला मागावा. वाहिनी वळवायची असेल तर तिचा खर्च आणि संस्थेच्या शिल्लक कर्जातील त्या क्षेत्राचा वाटा ले-आउट करणाऱ्याने आधी भरावा. पाणंद गावनकाशावर आहे त्या रुंदीची ठेवावी. अडवलेली वाट मोकळी करण्याचा अधिकार तहसीलदारांना मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार आहेच, तो त्यांनी वापरावा. आणि एका गावातील ठरावीक एकरांपेक्षा जास्त बागायत प्लॉटमध्ये जात असेल, तर तिथल्या भूमिहीन पशुपालकांना सामाईक वैरणीसाठी गायरानातील किंवा ग्रामपंचायतीकडील थोडी जागा पाण्यासह द्यावी, एवढे तरी ग्रामसभेला ठरवता येईल.

आमच्या संस्थेपुरते आम्ही काम सुरू केले आहे. कोणत्या गटातून कोणता नळ जातो, चेंबर कोठे आहेत, याचा नकाशा पाटकऱ्याच्या मदतीने काढला आहे. जुना पाटकरी थकला आहे आणि त्याच्या डोक्यात असलेली बरीच माहिती कोठेही लिहिलेली नव्हती, त्यामुळे आधी त्याला सोबत घेऊन शिवार पायाखाली घातले. आता प्रत्येक सभासदाकडून वाहिनीची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत करण्यासाठी संमतीचे अर्ज भरून घेत आहोत. काही सभासद सही करायला कचरतात, कारण अशा नोंदीमुळे उद्या गिऱ्हाईक मागे फिरेल असे त्यांना वाटते. त्यांच्या घरी मी पुन्हा जाणार आहे. येत्या वार्षिक सभेत हा विषय पत्रिकेवर घेतला आहे, आणि शेजारच्या गावांतील ज्या संस्थांना असा नकाशा करायचा असेल त्यांनी आमच्या अर्जाचा नमुना जरूर मागून घ्यावा.